मास्तरांची दुनळी

ठाण्यातल्या नव्या फौजदार मॅडमनी दुनळी बंदुकीच्या दोन्ही नळ्यांत खोटी काडतुसं घातली आणि एकामागून एक चाप ओढले. या काडतुसांचं बूड रबराचं असतं. बंदूक चालू असली की आतली पिन त्यावर आपटते आणि रबरात खळगा पडतो. मॅडमनी काडतुसं काढून खिडकीच्या उजेडात धरली. रबर कोरं होतं. त्यांनी ती पुन्हा घातली, पुन्हा चाप ओढले, पुन्हा काढली. मग नळ्यांच्या मागच्या पट्टीत जी दोन बारीक भोकं असतात, त्यातल्या एकात त्यांनी सरळ केलेली तार घातली. तार कुठेच अडली नाही.

“काका, हिच्यात पिनाच नाहीत,” त्या म्हणाल्या.

मास्तर समोरच्या बाकावर बसले होते. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच संपला होता, मास्तर हे नाव शिंपीकामातलं. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. दुकान अर्ध्यावर सोडून ते परवान्याच्या नूतनीकरणाला आले होते आणि चहाच्या वेळेपर्यंत परत जायचं म्हणत होते. मॅडम काय म्हणाल्या ते त्यांना ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. त्यांनी विचारलं, “म्हणजे झिजल्यात?”

झिजल्या नव्हत्या. नव्हत्याच. कुणीतरी स्क्रू सोडून त्या काढल्या होत्या आणि स्क्रू नीट परत बसवले होते. स्क्रूच्या खाचेत साचलेलं तेल बघून मॅडम म्हणाल्या की हे काम कालपरवाचं नाही.

मास्तरांना वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाची बंदूक उचलून आणली. पण दस्त्यावर वडिलांच्या अंगठ्याने पडलेला गुळगुळीत डाग होता आणि नंबरही तोच होता. वडील जंगलखात्यात राखणदार होते. त्यांच्यामागे दुनळी आणि परवाना दोन्ही मास्तरांच्या नावावर झाले. मास्तर तरुणपणी दोन-चार वेळा वडिलांबरोबर गेले असतील, पुढे शिकारीला बंदी आली आणि दुनळी कपाटात गेली. तरी दर रविवारी ती बाहेर यायची. सुती चिंधी, तेल, नळीत घालायचा गज, सगळं वडिलांनी शिकवलं तसं. ज्या माणसाला ग्राहकाच्या अंगावरचं अर्ध्या बोटाचं तिरकं बटण रस्त्याच्या पलीकडून दिसतं, त्याला स्वतःच्या बंदुकीत काय नाही ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

मॅडमनाही हेच पटेना. त्या बदलून आल्याला फार दिवस झाले नव्हते, वयाने मास्तरांच्या मुलीसारख्या होत्या, पण बोलताना वयाचा मुलाहिजा नव्हता. त्यांनी विचारलं, साफ केल्यावर एकदा तरी चाप ओढून बघत असाल ना. मास्तर म्हणाले, नाही. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायचा नसतो, पिन खराब होते, असं वडिलांनी सांगितलेलं. ते आयुष्यभर पाळलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दुनळी आपल्याकडे ठेवून घेतली आणि स्पष्ट सांगितलं. पिना कुणी काढल्या आणि कुठे आहेत हे कळल्याशिवाय नूतनीकरण होणार नाही. त्या पिना उद्या दुसऱ्या कुठल्या चोरट्या बंदुकीत निघाल्या तर बालंट मास्तरांवर येईल. दरवर्षीच्या तपासणीवर ज्यांची सही आहे त्या जमादारांनाही जाब द्यावा लागेल. “त्यांना माहीत नसेल तर ते आंधळे होते,” मॅडम म्हणाल्या, “आणि माहीत असेल तर तुम्ही दोघं माझ्यापासून काहीतरी लपवताय.”

मास्तर बाहेर पडले आणि दुकानाच्या उलट्या दिशेने बरंच चालत गेले. ते लक्षात आल्यावर तसेच पुढे जमादारांच्या घराकडे वळले.

जमादारांचं आणि मास्तरांचं नातं परवान्यामुळेच जडलेलं. वर्षातून एकदा तपासणीला घरी यायचं, नंबर ताडायचा, नळीतून उजेड बघायचा, काडतुसं मोजायची आणि घरच्या माणसाला परवानाधारकाच्या माघारी दोन प्रश्न विचारायचे, अशी पद्धत होती. मास्तरांची बायको स्वयंपाकघरात असायची. जमादार तिथल्या दाराशी उभे राहून हळू आवाजात काहीतरी विचारायचे, ती काहीतरी सांगायची, मग चहा यायचा. मास्तर बाहेरून ओरडायचे, “माझ्या कागाळ्या संपल्या की साखर जास्त टाका.” जमादारांच्या वर्दीची पोटाकडची शिवण दरवर्षी थोडी सैल करायचं कामही मास्तरांकडेच होतं. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. मास्तरांची बायको त्यानंतर थोड्याच दिवसांनी गेली.

जमादार अंगणात खुर्चीवर बसले होते, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, गळ्यातली टेप पाहिली आणि दुकानात भांडण झालं का म्हणून विचारलं. मास्तर उभ्याउभ्या म्हणाले, “दुनळीत पिना नाहीत.”

जमादारांचा चेहरा बदलला नाही. त्यावरूनच मास्तरांना कळलं. ते पायरीवर बसले.

“कोणी काढल्या?”

“मी,” जमादार म्हणाले. “वहिनींनी सांगितलं म्हणून.”

मग ते पाण्यात बघत सांगत राहिले. ज्या वर्षी मास्तरांचं दुकान शॉर्टसर्किटने जळालं, त्या वर्षीची गोष्ट. दोन्ही मशीन गेली, लग्नसराईचे लोकांचे कपडे गेले, मास्तर घरी बसले. बायको एक दिवस जमादारांची वर्दी द्यायच्या निमित्ताने ठाण्यात आली. वर्दी टेबलावर ठेवून म्हणाली की मागच्या ओसरीवर ते रोज दुपारी बंदूक घेऊन बसतात, आणि साफ झालेली बंदूकच पुन्हा साफ करतात. एवढंच म्हणाली. पुढचं जमादारांनी ओळखायचं होतं.

जमादारांनी तिला दोन वाटा सांगितल्या. रीतसर तक्रार केली तर बंदूक लगेच जप्त होईल, पण नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं सरकारदरबारी कायमचं नोंदलं जाईल. गावभर होईल. मग त्याच्याकडे कपडे शिवायला कोण टाकणार, आणि तो पुन्हा उभा कशाच्या जोरावर राहणार. दुसरी वाट कायद्यात बसणारी नव्हती. निवडणूक आली होती, सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा होत्या. जमादारांनी दुपारच्या शांत वेळी दुनळीचे स्क्रू सोडले.

“दरवर्षी दाराशी उभा राहून मी एकच विचारायचो,” जमादार म्हणाले. “बसवू का परत. त्या म्हणायच्या, एवढ्यात नको.”

त्या वर्षीच्या दुपारी मास्तरांना आठवत होत्या. बंदूक मांडीवर होती आणि डोक्यात काय होतं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच. ती भांडी घासत असायची, पाठ त्यांच्याकडे. त्यांना वाटायचं, हिला बिचारीला काही कळत नाही. मागाहून नवीन मशीन आलं, दुकान उभं राहिलं, ते दिवस गेले. आपण एकट्यानेच त्यातून बाहेर आलो अशी त्यांची समजूत होती, आणि मनातल्या मनात त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता.

एकदम त्यांना दुकान पुन्हा उभं राहिल्यानंतरचा तो पिसाळलेला कुत्रा आठवला. ही गोष्ट ते दुकानात आल्यागेल्याला सांगायचे. कुत्रा परसात शिरला, मास्तरांनी दुनळी आणली, काडतुसं भरली, नेम धरला, आणि तेवढ्यात बायको फावडं घेऊन त्यांच्या पुढून धावली आणि तिने कुत्र्याला आडवा केला. मास्तर तिच्यावर खेकसले होते, मध्ये कशाला कडमडलीस, गोळी लागली असती म्हणजे. ती धापा टाकत म्हणाली होती, “तुमचा नेम लागेपर्यंत तो म्हातारा झाला असता.” यावर दुकानात लोक पोट धरून हसायचे. परवाना नवऱ्याचा आणि शिकार बायकोची, असं म्हणून मास्तरही हसायचे.

मास्तरांच्या हातातली बंदूक उडणार नाही हे त्या वेळी त्या परसात एकट्या तिलाच माहीत होतं. म्हणून ती पुढे धावली होती. मास्तरांनी जमादारांच्या घमेल्याची कड धरली आणि पाणी हिंदकळून अंगणात सांडलं.

“मास्तर, मला बोला काहीतरी. शिव्या द्या हवं तर.”

मास्तरांना शिव्या सुचल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पिना कुठेत. जमादार म्हणाले, वहिनींनी मागून घेतल्या. ठाण्यात नकोत, तुमची बदली झाली तर, असं म्हणाल्या. कुठे ठेवल्या ते सांगितलं नाही. शेवटच्या तपासणीला त्या अंथरुणावर होत्या, मास्तर आत चहा करत होते, तेव्हा जमादारांनी पुन्हा विचारलं की आता काय करू. “म्हणाल्या, आता तर मुळीच नको. माझ्यामागे तर नकोच.” “आणि तुम्ही चहा आणलात. त्यात साखरच नव्हती.”

मास्तर उठले. जाताना जमादारांनी विचारलं की मॅडमना काय सांगणार. पेन्शनचा प्रश्न होता आणि तो दोघांनाही समजत होता. मास्तरांना त्या वेळी जमादार दिसतच नव्हते.

माझ्यामागे तर नकोच. मास्तर चालत होते आणि हे शब्द त्यांच्याबरोबर चालत होते. कारण परवान्याच्या नूतनीकरणाची एवढी घाई त्यांना का झाली होती हे त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. ती गेल्यापासून घर खायला उठायचं. रविवारी दुनळी मांडीवर घेतली की बरं वाटायचं. अगदीच नाही निभलं तर ही आहे, एवढा विचार यायचा आणि त्या विचाराच्या आधाराने पुढचा आठवडा निघायचा. आणि ती बया हे आधीच ओळखून, सगळं बंद करून गेली होती. स्वतः मरायला टेकलेली असताना तिने याची व्यवस्था लावली होती.

दुकान उघडंच होतं. मशीनवर कुणाच्यातरी सदऱ्याची बाही तशीच अडकलेली होती. मास्तर सवयीने बसले, बाही सोडवली, दुमड घातली आणि बाहीतली टाचणी काढून गादीत खुपसली. टाचणी थोडी आत गेली आणि कशालातरी लागून थांबली.

ती नेहमीच तशी थांबायची. टाचण्या खोचायची ही छोटी गादी बायकोने दुकान नव्याने उघडलं तेव्हा शिवून दिली होती. तिचा टाका कधी सरळ पडला नाही. नवरा शिंपी आणि बायकोला धड टाका घालता येत नाही, म्हणून मास्तर तिला चिडवायचे. पण गादी वजनदार होती, टाचणी खोचताना सरकत नसे. काय भरलंस म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, भुसा, आणि जड व्हावी म्हणून थोडं लोखंड. चांगली युक्ती आहे, असं मास्तर म्हणाले होते. तेवढीच काय ती तिच्या शिवणकामाची तारीफ.

मास्तरांनी गादी उचलून अंगठ्याने दाबली. आत दोन लांबट, गोल कांड्या शेजारी शेजारी होत्या. इतकी वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या त्यांच्या हाताखाली होत्या.

समोरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाने हाक मारली, मास्तर, पँट झाली का. मास्तर गादी हातात घेऊन त्याच्यासमोरून ठाण्याकडे निघाले. तो थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

ठाण्यात मॅडम जेवणाचा डबा धुऊन टेबल पुसत होत्या. मास्तरांनी गादी त्यांच्यासमोर ठेवली. म्हणाले, पिना यात आहेत. बायकोने ठेवल्या होत्या, ती आता नाही. मॅडमनी विचारलं, काढल्या कोणी. मास्तर म्हणाले, “घर तिचं होतं. घरातलं सगळं तीच बघायची.”

मॅडमनी कागद पुढे ओढून सांगितलं की पिना परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेता येतील, पण नूतनीकरण करायचं तर चौकशी होईल आणि जुन्या सह्या निघतील. बंदूक कायमची जमा केली तर नादुरुस्त एवढंच लिहावं लागेल. शिवाय नूतनीकरणासाठी घरच्या माणसाला माघारी विचारावं लागतं. “घरी कोण असतं, काका?”

“विचारायला कोणी नाही,” मास्तर म्हणाले. “पण तिने सांगून ठेवलंय. जमा करा.”

मॅडमनी गादीकडे हात नेला, तेव्हा मास्तरांनी ती आपल्याकडे ओढली आणि खिशातलं टाके उसवायचं पातं काढलं. टाके उसवणं त्यांच्या हातचा मळ होता. पण हे टाके सुटेनात. वेडेवाकडे होते, पण प्रत्येक टाका मागे वळून पुन्हा घातलेला, दोरा दुहेरी. हे कुणी उघडू नये म्हणूनच तिने असं शिवलं होतं. मॅडमचा फोन वाजला, तो बंद करून त्या थांबल्या. शेवटी भुसा टेबलावर सांडला आणि त्यातून दोन काळसर पिना बाहेर पडल्या, तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या, कुठेही गंज नसलेल्या. मॅडमनी त्या पाकिटात घातल्या आणि पाकिटाला सील केलं. त्यांनी सांगितलं तिथे मास्तरांनी सही केली. वडिलांची दुनळी मागच्या रॅकवर बाकीच्या बंदुकांशेजारी उभी होती, तिकडे त्यांनी एकदाच पाहिलं. टेबलावरचा भुसा मात्र त्यांनी तळहाताने गोळा केला, कणन् कण, आणि परत गादीत भरला.

दुकानात येऊन त्यांनी सुई ओवली. नवीन शिवण घालायला जागा नव्हती, कापड जुनं झालं होतं, म्हणून तिच्याच सुईने पडलेल्या भोकांतून त्यांनी दोरा नेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम वाकडे टाके घातले. मग ती सदऱ्याची बाही पुढे घेतली आणि टाचणी खोचली. टाचणी आरपार गेली आणि गादी सरकून टेबलाच्या कडेला गेली. त्यांनी ती परत ओढली. दुसरी टाचणी खोचली, गादी पुन्हा सरकली. मग त्यांनी डावा हात तिच्यावर ठेवला आणि उजव्या हाताने काम सुरू केलं.