वेल्डिंग केलेलं दार

गाडीत शिरायला अब्रारला कधी भीती वाटली नव्हती. दारव्ह्याच्या स्टँडजवळ त्याच्या वडिलांचं, शब्बीरभाईंचं, गॅरेज होतं आणि गाड्यांखाली झोपूनच तो मोठा झाला होता. पण त्या दुपारी यवतमाळच्या एका ट्रॅव्हल्स कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, उभ्या स्लीपर गाडीच्या शेवटच्या बर्थवर गुडघे टेकून बसला, तेव्हा त्याच्या तळहातांना घाम फुटला.

कंपनीच्या नानासेठनं त्याला हेडमिस्त्री म्हणून बोलावलं होतं. पगार चांगला, वर राहायला खोली. "आधी गाड्या पाहून घे," सेठ म्हणाले होते. तो पाहत पाहत मागे आला. संकटकाळी बाहेर पडायचं दार तिथं असायला हवं होतं. बाहेरून तशी लाल अक्षरंही होती. आतून मात्र त्या जागी दोन बर्थ बसवलेले. त्यानं गादी उचलली. दाराला लोखंडी पट्ट्या मारून वेल्डिंग केलेलं होतं.

तेवढ्यात पुढचं दार फुस्स करून बंद झालं. पडदे ओढलेले, आत अंधार, रेक्झिनचा वास. त्यानं काच फोडायची हातोडी चाचपली. नुसता हूक हाताला लागला. क्लीनर दार तपासून पाहत होता, इतकंच. पण ते पुन्हा उघडेपर्यंत अब्रार अरुंद वाटेतून धडपडत पुढे आला होता आणि त्याचा खांदा सोलवटला होता.

"सेठ, मागचं दार तं बंद हाये."

"माहीत हाये मले. आरटीओच्या पासिंगच्या टायमाले पट्ट्या कापायच्या, बर्थ काढायचे. पासिंग झालं का पुन्हा बसवायचे. तेच तं तुयं काम."

"अन् आग लागली तं?"

"आजवर लागली काय?" सेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका सोलवटलेल्या जागी. "विचार करून सांग. पण आता तुले सगळं माहीत झालं, हे ध्यानात ठेव."

एस.टी.त बसल्यावरही त्याला तो हात खांद्यावर जाणवत होता.

घरी त्यानं सगळं सांगितलं. शब्बीरभाई बराच वेळ हात पुसत राहिले. "मी असतो तं घेतली असती नोकरी," ते म्हणाले. "म्हणून मले नको विचारू."

दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. हो म्हणायचं आणि हळूच दारं मोकळी करायची, असं मनात यायचं. मग पट्टीवर वेल्डिंग करणारा स्वतःचाच हात दिसायचा. नाही म्हणायचं तर सेठचा आवाज आठवायचा.

तिसऱ्या दिवशी, ऊन उतरल्यावर, तीच गाडी पुण्याचे प्रवासी घ्यायला दारव्ह्याच्या स्टँडवर आली. बबिता नावाची एक बाई तान्ह्या पोरीला घेऊन नवऱ्यामागं चढत होती. "शेवटचा बर्थ," क्लीनर म्हणाला.

अब्रारचे पाय आपोआप तिकडे वळले.

"ताई, मागचं दार वेल्डिंग केलेलं हाये. काही झालं तं निघता येत नाही तिथून."

"काय बोलून राह्यला बे?" क्लीनरनं त्याची कॉलर धरली.

आतून एक जण वैतागला. "उद्या ड्युटी हाये भाऊ. तू सोडतं काय पुण्याले?"

बबितानं पिशवी खाली घेतली. नवरा करवादला, पण तिच्या मागोमाग उतरला. बाकी कोणी जागचं हललं नाही.

ड्रायव्हरनं फोन लावून अब्रारच्या हातात दिला.

"म्हणजे नाही समजू?" सेठचा आवाज शांत होता.

अब्रारनं गाडीमागच्या लाल अक्षरांकडे पाहिलं. "नाही, सेठ."

"बरं."

त्यानं फोन परत दिला. गाडी गेली. सकाळी ती पुण्याला सुखरूप पोचल्याचं कळलं आणि लोक त्यालाच हसले. तरी बापलेकांनी यवतमाळच्या आरटीओत जाऊन स्वतःच्या नावानं तक्रार दिली. तपासणी झाली तेव्हा दार मोकळं होतं. पुढं ते मोकळं राहिलं का, कोणी सांगितलं नाही. गॅरेजसमोर अधूनमधून एक अनोळखी जीप थांबायला लागली.

एका संध्याकाळी ती दिसताच शब्बीरभाईंनी शटर अर्धं ओढलं.

"अब्बा, भेव वाटते काय?"

"वाटते. तुले?"

"मले बी."

शब्बीरभाई शटरला हात लावून तसेच उभे राहिले. अब्रार अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर आला आणि बाहेर दुरुस्तीला उभ्या राहिलेल्या गाडीचं चाक खोलायला बसला. जीपकडे त्याची पाठ होती.