पडदेबाबा नावं कशी ओळखायचे

शेणवे गावाच्या पुढं पडदेबाबांचा मठ आहे. गुरुवारी तिथं चपला ठेवायला जागा उरत नाही. दारातला सेवेकरी एकेकाच्या फोनला मठाचं फुकट वायफाय 'प्रसाद' म्हणून जोडून देतो, मगच आत सोडतो. बाबा पडद्याआड. तोंड न बघताच हाक येते, "ये रवींद्रा, फार दमलास." झालं, रवींद्र पालथा.

मी स्नेहल, मुरबाडला कॉम्प्युटर शिकवते. शेजारच्या बाईजाकाकू मठात गेल्या तेव्हा हाक आली, "ये नवशा." नवशाकाका म्हणजे त्यांचे यजमान, दोन वर्षांपूर्वी वारलेले. काकूंनी रडत रडत यजमान गेल्याचं, घरी नात असल्याचं सगळं सांगून टाकलं. "त्याचा जीव अडकलाय," पडदा बोलला, "नातीला मठाच्या सेवेला दे, मग सुटेल." नात संजीवनी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. काकूंनी तिचं कॉलेज बंद करायचं नक्की केलं. माझं डोकंच फिरलं.

"काकू, तुमच्याकडं फोन कोणाचा?"

"आमच्या मानसाचा गो. टाकवत नाय."

मग माझी ट्यूब पेटली. आमचा फोनवाला शेखर अदलाबदल नको म्हणून प्रत्येक नव्या फोनच्या सेटिंगमध्ये गिऱ्हाइकाचं नाव घालून देतो. तालुकाभर तीच सवय.

मी फोनचं नाव बदललं आणि पुढच्या गुरुवारी काकूंबरोबर गेले. वायफाय जोडलं. आतून गंभीर आवाज आला, "ये ढवळ्या, तुझी तपश्चर्या फळाला आली."

ढवळ्या काकूंचा बैल, म्हसा गावच्या जत्रेत घेतलेला. रांग हसायला लागली. मी पडदा सारला. बाबांच्या मांडीवर टॅबलेट, त्यावर नावांची यादी, सगळ्यात वर ढवळ्या.

"बैलातही देव असतो," बाबा पुटपुटले.

मी रांगेला सांगितलं, "वायफायला जोडताना फोन वायफायच्या डब्याकडं, म्हणजे राउटरकडं, नेटवर्कवरचा पत्ता मागतो, आणि मागताना बहुधा स्वतःचं नावही सांगतो. जगभर हाच नियम आहे. डबा ते नाव यादीत लिहितो, बाबा वाचतात. वाचता कोणालाही येतं."

काकू मात्र हसल्या नाहीत. "म्हंजे आमचा मानूस आलाच नव्हता?"

"नाही काकू."

त्या रडल्या. तो आला असता तर त्यांना हवंच होतं. त्या बाबाचा मला खरा राग आला तो तेव्हा. मग त्यांनी डोळे पुसले. "संजीवनीला उद्या कालेजात धाडते," म्हणाल्या.

तेव्हा मंडळी, कोणी न सांगता तुमचं नाव घेतलं, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, याला सांगितलं कोणी?