जावईबापूंसमोर वाकू नये

मीटरवाली पंधरा मिनिटं फाटकाबाहेर उभी होती, आणि राजहंस तितकीच मिनिटं फाटकाच्या आत उभा होता. फरक इतकाच की त्याला घाई नव्हती.

तिला होती. तिच्या वहीत या घरापुढे लागोपाठ दोन महिने एकच शेरा होता : 'मीटर वाचता आले नाही.' पाणी खात्यात हा शेरा तिसऱ्यांदा आला की करार वाढवत नाहीत, आणि तिचा करार या महिनाअखेरीस संपत होता. चार वर्षं अर्ज करकरून मिळालेली नोकरी. सकाळी साहेब चहा ढवळत म्हणाले होते, "कुत्र्यांमुळे आपले तिघं गेले. एक खड्ड्यात पडून गेला. पक्ष्यामुळे जाणारी तू पहिलीच. बघ बाई, इतिहास घडवायचा की आकडा आणायचा."

पाण्याचे मीटर जमिनीत असतात, लोखंडी झाकणाखाली. दिवसाला ऐंशी झाकणं उचलून खात्यातली सगळी माणसं अर्धवट मिटलेल्या चाकूसारखी झाली होती. मीटरवाली मात्र नोकरी लागायच्या आधीपासूनच तशी होती. आई मागून विचारायची, "काही हरवलंय का गं खाली?" लोकांच्या दारात ती खांदे आवळून, मान खाली घालून अशी उभी राहायची की दार उघडणारा आधीच म्हणायचा, "नको, आम्हाला काही नको."

यावर उपाय म्हणून खात्याने अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं : हनुवटी वर, खांदे मागे, जागा व्यापा. "मनात भीती असू द्या. खांद्यांना कळू देऊ नका." मीटरवालीने ते सगळं लिहून घेतलं होतं. वाकून.

तिने कडी काढली.

राजहंस चित्रात फार सोज्वळ दिसतो, कारण चित्रात त्याची चोच मिटलेली असते. उघडली की कडेने करवत दिसते. गेल्या महिन्यात त्या करवतीने मीटरवालीची पोटरी धरली होती, आणि तिथे अजून पिवळं-जांभळं होतं. आता तो मान जमिनीलगत ताणून, टायरमधून हवा सुटावी तसा आवाज करत आला. मीटरवालीच्या पाचावर धारण बसली. पळायचं तिच्या मनात होतं, पण निरोप पायांपर्यंत पोचलाच नाही. पाठीचा कणा टोपीपर्यंत ताठ झाला, हात दोन्हीकडे फाकले. भीतीने ती इतकी कडक झाली की बघणाऱ्याला आत्मविश्वासच वाटावा.

हंसाला वाटला. तो थांबला. मान वर करून त्याने तिला टाचेपासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि दोन पावलं मागे गेला.

तशीच फाकलेल्या हातांनी ती बारा पावलं चालत मीटरपर्यंत आली. प्रशिक्षणातून वर्षभराने का होईना, काही अर्थ निघाला होता. मग ती झाकण उचलायला वाकली.

हंस पुढे आला.

ती ताठ झाली. हंस मागे गेला. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून खाली जाऊन बघितलं. कमरेपर्यंत पोचेस्तोवर हंस हातभर अंतरावर. पुन्हा वर. असं सहा वेळा झालं. दोघंही दमली, पण हंस कमी.

"वाकू नकोस त्याच्यासमोर!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. खिडकीत कुणीच दिसत नव्हतं. मग गजांच्या अगदी तळाशी पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसला.

"कोण आहे?"

"मी आहे. मला यापेक्षा वर येता येत नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी, टेबलावर अशी वाकून. मग तशीच राहिले. तू पाण्याची ना?"

"हो, आजी. हा कोणाचा आहे हो?"

"पुतण्याने आणून ठेवला, चोर येऊ नयेत म्हणून. स्वतः गेला बदलीच्या गावी. जावईबापू म्हणते मी त्याला. आधी त्याला वाढायचं, आणि बोलायची सोय नाही." अंबाडा जरा हलला. "वाकलेलं माणूस दिसलं की त्याला चेवच येतो. आता मी सरळ कुठून होऊ? तो गेल्यापासून एकोणीस दिवस घरात आहे, पोरी. दूधवाला पिशवी कुंपणावरून फेकतो. निम्म्या वेळा ती जावईबापूच घेतात."

 मीटरवालीचे हात खांद्यापासून दुखायला लागले होते. "आजी, मला फक्त आकडा हवाय. वाकल्याशिवाय दिसत नाही."

"माझं तोंड तर कायम खालीच असतं," आजी म्हणाल्या. "मी वाचते. तू ताठ राहा, मी तुझ्या आडोशाला येते. पण आकडा मिळाला की मला फाटकाबाहेर काढायचं. कबूल?"

"तुम्हाला पाडलं त्याने तर? खुब्याचं हाड मोडलं तर?"

"तर तुझ्या वहीत नवीन शेरा लिही."

मीटरवालीला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणताना तिचे खांदे नेहमी पडायचे, आणि आत्ता ते परवडण्यासारखं नव्हतं. "कबूल," ती म्हणाली.

मीटरवाली तशीच हात पसरून दारापाशी गेली. दारापासून मीटरपर्यंत त्या दोघी ज्या प्रकारे आल्या, त्याला चालणं म्हणता येणार नाही. वर मीटरवाली, हात पसरलेली, नजर हंसावर. तिच्या काखेखाली आजी, नजर फरशीवर. हंस बाजूबाजूने चालत होता, मधली फट शोधत. मीटरवालीचे गुडघे कापत होते. खांद्यांना कळलं नव्हतं, पण गुडघ्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं.

आजींनी झाकण उचलून धरलं. "धूळ फार आहे. थांब, पुसते."

"आजी, लवकर!"

"शून्य. चार. सहा. सहा. एक."

"पुढचा?"

"सात आणि आठच्या मधे अडकलाय."

"सात म्हणा! सात चालेल!"

"काहीही कसं म्हणू? चाळीस वर्षांत कुणाला अंदाजे वेळ सांगितली नाही मी. आत नळ ठिबकतोय. थोडं पाणी गेलं की सरकेल."

"किती थोडं?"

"पेलाभर."

तो पेला भरेपर्यंतचा वेळ मीटरवालीने कसा काढला हे तिला पुढे कुणाला सांगता आलं नाही. डावा हात आधी बोटभर खाली आला. हंसाने ते टिपलं, आणि एक पाऊल पुढे आला. तिने हात वर घेतला तर उजवा उतरला. आणखी एक पाऊल. आता त्याचा फूत्कार तिच्या पोटरीला लागत होता, नेमका त्याच पोटरीला. पायाशी म्हाताऱ्या माणसाची उघडी पाठ, मूठभर. घाम डोळ्यांत गेला. पुसायला हात नव्हते.

"हलला!" आजी म्हणाल्या. "आठ!" आणि झाकण सोडलं.

ते तोफेसारखं वाजलं. हंस पंख उघडून सरळ आजींवर आला. मीटरवालीने दोन्ही टाचा उचलल्या, हात डोक्यावर नेले, आणि आयुष्यात कधी कुणाच्या दारात निघाला नव्हता असल्या आवाजात ओरडली, "शून्य! चार! सहा! सहा! एक! आठ!"

हंस वीतभर अंतरावर थबकला. हे त्याला नवीन होतं. ती आकडा पुन्हा पुन्हा ओरडत, उलट्या पावलांनी, आजींना मागे ढकलत फाटकाकडे सरकत गेली. तोही मान हलवत पावलापावलाने आला, जणू निरोप द्यायला.

कडी लागली. मीटरवाली कुंपणाला टेकली आणि तिने सहा अंक वहीत लिहिले. ते सहा ओळींत गेले, पण वाचता येत होते. नोकरी राहिली.

आजी एव्हाना रस्त्याला लागल्या होत्या, चांगल्या भराभर. वळणावर थांबून त्यांनी मान जेवढी वळते तेवढी वळवली.

"मैत्रिणीकडे जाऊन येते. तू पाचला ये बरं का."

"पाचला? कशाला?"

"कशाला काय? मला घरात परत जायचं नाही का?"

मीटरवालीने आत बघितलं. फाटकाच्या गजांतून हंस तिच्याकडेच बघत होता. पाच वाजायला पावणेतीन तास होते, आणि तिची कंबर आत्ताच वाकायला लागली होती.