हिंदुरावांची पास झालेली व्हॅन

हिंदुरावांच्या व्हॅनच्या पाठीवर हिरव्या रंगात 'झाडे लावा, हवा वाचवा' असं लिहिलेलं होतं. त्यातलं 'हवा' काजळीनं केव्हाच गिळून टाकलेलं. रोज सकाळी ते वाचलं की प्रयागबाईंच्या डोक्यात तिडीक जायची. काय पण माणूस! पर्यावरण दिनाला शाळेत तासभर शुद्ध हवेवर बोलला, आणि निघताना याच व्हॅननं अख्खं मैदान काळं करून गेला. वर शाल-नारळही घेऊन गेला.

शाल-नारळाचं मरू दे. पण प्रयागबाईंची नात संस्कृती याच व्हॅननं लासुर्ण्याहून बारामतीला शाळेत जायची. सात वर्षांची पोर. मागच्या सीटखालचा पत्रा सडला होता, तिथून धूर आत यायचा. घरी येऊन पोरीनं नाक शिंकरलं की रुमाल काळा. दिवाळीनंतर तिच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी वाफेचं मशीन लावलं आणि स्पष्टच सांगितलं, "धुरापासून लांब ठेवा. नाहीतर दमा हिचा पिच्छा सोडायचा नाही."

लांब ठेवायचं कसं? मुलगा युवराज उजाडायच्या आत कारखान्यावर कामाला जायचा. गावातून त्या शाळेला दुसरी गाडी नव्हती. मग प्रयागबाईंनी ठरवलं, या हिंदुरावालाच सरळ करायचं.

युवराजच्या सुट्टीचा दिवस बघून त्या त्याला घेऊन स्टॉपवर गेल्या. पाच-सहा पालक होते, पोरं व्हॅनमध्ये चढत होती. संस्कृतीचा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "हिंदुराव, इंजिनाचं काम करा, पत्रा बदला. तवर पोरं बसवू नगा."

हिंदुरावांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद काढला. "काकू, ही पीयूसी बघा. धूर तपासून पास! कॉम्प्युटर काय खोटं बोलतोय व्हय?"

प्रयागबाईंनी चष्मा लावला, तारीख वाचली. "बारा जानेवारी. त्या आठवड्यात तुमचं इंजिन नागेशच्या गॅरेजमधी खोलून पडलं हुतं. आमच्या युवराजनं रजा टाकून पोरीला मोटारसायकलवर सोडली. इंजिन जाग्यावर न्हाय, मग तपासायला धूर कुठनं आणला? तोंडानं सोडला व्हय?"

सगळे खो खो हसले. हिंदुरावांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"अवो, नंबरप्लेटचा फोटो पाठवला की कागद येतोय. समदेच तसा काढत्यात. इचारा की ह्यांना!"

हसणं जागच्या जागी थांबलं. कोणी चपलेकडं बघू लागलं, कोणी मोबाइल काढला. युवराज आपल्या मोटारसायकलचा आरसा पुसायला लागला.

"तू बी?" प्रयागबाईंनी विचारलं.

"आई, रांग असती तितं..." तो पुटपुटला.

"शाब्बास रं माझ्या वाघा! पोरीला वाफ द्यायची, आन् आपला धूर फोटोत पास करायचा." असल्या शहाण्यांसमोर बोलून घसा कोरडा करण्यात अर्थ नव्हता. त्या हिंदुरावांकडं वळल्या. "बरं. तुमचा कागद खरा, आमी खोट्या. मग येवढंच करा. आज गाडी युवराज चालवंल. तुमी मागच्या सीटवर बसा, काचा लावून बारामतीपतुर चला. ठणठणीत उतरलासा तर मी पुन्यांदा तोंड उघडणार न्हाय."

हिंदुराव मोठ्यानं हसले. बाकी कोणी हसलं नाही. समर्थची आई मोना पुढं झाली आणि मागचं दार उघडून उभी राहिली.

"बसा की दादा," ती म्हणाली. "अर्ध्या-पाऊण तासाचा तर रस्ता हाय."

हिंदुराव दोन पावलं मागं सरकले. "न्हाय न्हाय, मला कसं जमंल? मला डॉक्टरनं धुरात बसायची सक्त मनाई केलीय. माझं फुफ्फुस नाजूक हाय."

बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते त्यांना मग कळलं. मोनानं आत वाकून समर्थला दंडाला धरून खाली ओढलं. तिच्यामागून एकेक पालक पुढं आला. दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या, पोरं, सगळं रस्त्यावर उतरलं. आज शाळा बुडाली तर बुडाली.

प्रयागबाईंनी व्हॅनचं मागचं दार स्वतः लावलं.

"जावा आता घरी, हिंदुराव," त्या म्हणाल्या. "जपा जिवाला. तुमचं फुफ्फुस लई नाजूक हाय."