साळुबाईचा जबाब

साळुबाईच्या कांद्याला पाणी विहिरीतून येतं आणि विहीर आहे रस्त्याच्या पलीकडे. त्यामुळे येडगावातून धरणाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर तिचा पाईप आडवा पडलेला असतो. त्या रस्त्याला असे पाईप आणखी पाच-सहा जणांचे आहेत. पाईपवर माती ओढून उंचवटा करायचा, म्हणजे गाड्या हळू होऊन वरून जातात. माती सरकली की पुन्हा ओढायची, एवढंच.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी माती सरकलेली होती. आदल्या संध्याकाळी उसाचा ट्रॅक्टर दोनदा गेला होता. साळुबाईनं ते पाहिलं होतं. सकाळी ओढू, असं म्हणून ती घरी गेली आणि सकाळी लाईट आल्याबरोबर मोटार चालू करून दारं धरायला, म्हणजे पाणी वळवायला, वाफ्यात उतरली. पाईपच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. डांबर ओलं झालं होतं.

साडेनऊच्या सुमाराला धरणाच्या बाजूनं एक सायकल आली. पुढच्या-मागच्या चाकांना पिशव्याच पिशव्या, वर गुंडाळलेला तंबू. चालवणारी गोरी बाई होती, वयानं साळुबाईएवढीच, साठीच्या आसपासची. साळुबाई फावडं टेकवून बघत राहिली. बाई रस्त्यालगतच्या धरणाच्या पाण्याकडे मान करून चालली होती. पुढचं चाक पाईपवर तिरपं चढलं, सटकलं आणि सगळं ओझं एका कुशीवर आलं. बाई खांद्यावर आपटली.

साळुबाई बांधावरून पळत गेली. "अगं बया! लागलं का गं?"

बाईनं काहीतरी सांगितलं. साळुबाईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण डावा हात छातीशी धरला होता आणि तोंड पांढरं पडलं होतं. साळुबाईनं तिला उठवलं नाही. पदर ओला करून तिचं तोंड पुसलं, पाठीमागं आपला गुडघा टेकू म्हणून दिला आणि मुलाला फोन लावला.

अमृत भाजीचा पिकअप चालवतो. तो दहा मिनिटांत आला. सायकल मागं घातली, बाईला पुढं बसवलं. तिच्या शेजारी साळुबाई, चिखलाच्या पायांनी तशीच. अमृतनं गाडी सुरू करण्याआधी रस्त्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

नारायणगावच्या दवाखान्यात पोचल्यावर बाईनं सगळ्यात आधी कमरेची छोटी पिशवी उघडायला लावली आणि आतून एक कार्ड काढून साळुबाईच्या हातात दिलं. साळुबाईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. अमृतनं बायकोला फोन लावून स्पीकरवर टाकला. हर्षाली अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला आहे. तिला इंग्रजी चांगलं येतं.

"आत्या, तो तिच्या विम्याचा नंबर आहे," हर्षाली म्हणाली. "ॲडमिट व्हायच्या आधी त्यांना कळवावं लागतं. नाहीतर मागनं ते खुसपट काढतील, असं म्हणतीय ती."

"आधी तिचा हात बघा म्हणावं, मग फोन करा."

"आत्या, दोन्ही होतंय. तुमी घाबरू नका."

नंबर परदेशातला होता, पण पलीकडच्या माणसानं अर्ध्या तासात पुण्याच्या आपल्या कचेरीतून फोन करवला. सुनील नावाचा माणूस होता, मराठी बोलणारा. त्यानं डॉक्टरांशी बोलून एक्स-रेला होकार दिला, दवाखान्याला मेल पाठवला. खांद्यापासून गळ्यापर्यंत येणारं आडवं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागणार नाही, टोकं फार सरकलेली नाहीत. हात झोळीत ठेवायचा, तीन आठवडे प्रवास नाही, सायकल तर तीन महिने नाही.

तोवर बाईची सगळी हकिकत हर्षालीमार्फत कळली होती. नाव रीटा. देश फिनलंड. पोस्टात होती, तीस वर्षं टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर मुंबईहून सायकलवर निघाली होती, माळशेज घाट चढून ओतूरवरून इकडे आली होती, गोव्यापर्यंत जायचं होतं. एकटीच.

"एकटीच?" साळुबाईनं दोनदा विचारलं.

सुनीलचा पुन्हा फोन आला. पुण्यात हॉटेलची सोय करतो म्हणाला, विम्यात बसते. रीटानं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. हर्षालीनं सांगितलं, "तिला गर्दीत नको वाटतंय, आत्या. कुठंतरी शांत जागा आहे का विचारतीय."

"मंग घरी यू दे की," साळुबाई म्हणाली. "आपली पुढची खोली रिकामीच हाये."

परतताना पिकअपमध्ये रीटाला डुलकी लागली. तेव्हा अमृत हळूच म्हणाला, "आई, पाईपचं नाव काढू नको कुणाकडं. विम्यावाली माणसं लई बेरकी असत्यात. आपल्यावर टाकत्याल सगळं."

त्याच रस्त्यानं गाडी घराकडे वळली. पाईप तिथंच होता. अमृतनं उतरून पायानं माती ओढली.

रीटाचे दिवस घरात सहज जाऊ लागले. सकाळी ती उन्हात खाट ओढून बसायची. एका हातानं पावट्याच्या शेंगा सोलायची आणि सालं नीट एका बाजूला रचायची. भाकरी दुधात कुस्करून खायला शिकली. पहिल्या रात्री तिनं तंबू अंगणात लावू का विचारलं, तेव्हा अमृत दचकलाच. "बिबट्या फिरतोय म्हणावं रोज. दाराला कडी लावून झोप." रीटानं ते हर्षालीकडून पुन्हा एकदा समजून घेतलं आणि तंबूचा विषय परत काढला नाही.

तिचे केस खांद्याखालपर्यंत होते आणि तिला हात वर नेता येत नव्हता. दुसऱ्याच दिवशी साळुबाई तेलाची बाटली घेऊन मागं बसली. गुंता सोडवून घट्ट वेणी घातली. रीटानं मान सैल सोडली. तिची आई गेल्यापासून तिचे केस कुणी विंचरले नव्हते, असं तिनं संध्याकाळी हर्षालीला सांगितलं. साळुबाईनं ते ऐकलं आणि उठून चुलीकडे गेली. आतल्या आत तिला बरंही वाटत होतं आणि लाजही वाटत होती. आपण हिला जीव लावतोय का आपली चूक झाकतोय, हे तिचं तिला उमजेना.

सायकल अमृतनं जुन्नरला महंमद हनीफच्या दुकानात नेली. त्यांच्या दुकानात आजवर शाळेच्या पोरांच्या नि दूधवाल्यांच्या सायकली यायच्या. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः फोन केला. "रिंग सरळ केली, बारा तारा नव्या घातल्या. हँडल फिरलं होतं, ते बसवलं. अशी सायकल आयुष्यात पहिल्यांदा खोलली, राव. बाईंना सांगा, त्यांनी चेन लई नीट ठेवलीय." रीटाला हे सांगितलं तेव्हा ती खुशीत दिवसभर हसत होती.

सहाव्या दिवशी सुनील पुण्याहून गाडी घेऊन आला. तिशीतला, चष्मा लावलेला, हातात फाईल. दवाखान्याचे कागद त्यानं आधीच घेतले होते. चहा झाल्यावर म्हणाला, "मावशी, एक जबाब हवाय. बाई पडल्या तेव्हा पाहणाऱ्या तुम्ही एकट्याच. शर्यत नव्हती, कुठल्या गाडीनं धडक दिली नाही, एवढं नोंदवायचं असतं."

"न्हाई न्हाई, गाडी न्हवती कुठली."

"मग सायकल घसरली कशानं?"

अमृत दाराशी उभा होता. तो पटकन म्हणाला, "रस्त्याला खडी व्हती, भाऊ."

"तुम्ही तिथं होता?"

"न्हाई, मी मागनं आलो. पण—"

"मग मावशींनाच सांगू द्या."

साळुबाईनं लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला. रविवार असल्यामुळे हर्षाली घरी होती. ती रीटाच्या शेजारी बसली होती. साळुबाईनं सुनीलकडे न बघता रीटाकडे बघून बोलायला सुरुवात केली.

"खडी न्हवती. पाईप व्हता. माझा पाईप. त्याच्यावरची माती आदल्या दिवशी सरकली, ती मी बघितली व्हती. सकाळी ओढीन म्हणलं आन् ओढली न्हाई. पानी गळत व्हतं, रस्ता निसरडा झाला. तिचं चाक त्याच्यावरनंच गेलं. हे मी इतके दिवस सांगितलं न्हाई. आता लिहा."

सुनीलचं पेन थांबलं होतं. अमृत बाहेर जाऊन पायरीवर बसला.

हर्षालीनं ते सगळं इंग्रजीत सांगितलं. रीटा शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग बोलू लागली, आणि हर्षालीला तिच्यामागून सांगताना घाई करावी लागली.

"ती म्हणतीय, मला माहीत होतं. पाईप मी लांबूनच पाहिला होता. घाट सोडल्यापासून असे चाळीस तरी पाईप ओलांडले, दर वेळी सरळ चाक घालायचे. त्या वेळी पाण्यावर लांब पायांचे पांढरे पक्षी उतरले, त्यांच्याकडे बघत राहिले. चाक तिरपं गेलं ते माझ्यामुळं. विम्यावाल्यांना मी फक्त घसरले एवढंच सांगितलं, कारण तुम्हाला त्रास होईल असं वाटलं."

साळुबाई तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुला ठाऊक व्हतं? आन् रोज माज्याकडनं येणी घालून घेत व्हतीस?"

हर्षालीनं विचारलं. रीटानं मान हलवली आणि उजव्या हातानं साळुबाईचा हात धरला.

सुनीलनं चष्मा काढून पुसला. "हे बघा, मावशी. उपचाराचा खर्च चूक कुणाची यावर अडत नाही. घसरून पडल्या, हाड मोडलं, तो मिळेल. पण तुम्ही सांगितलं ते मला लिहावं लागणार, बाईंनी सांगितलं तेही. तिकडची माणसं वाचतील. पाईपवाल्याकडून काही मागायचं का, असा विचार त्यांनी केला तर मी थांबवू शकत नाही. तसं सहसा करत नाहीत, एवढं सांगतो."

"लिहा," साळुबाई म्हणाली. त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. तिनं 'सुस्तीनं' या शब्दाला हरकत घेतली. "सुस्ती न्हवती. राहून गेलं. तसं लिहा." त्यानं तसं लिहिलं. तिनं खाली जपून सही केली.

तो गेल्यावर अमृत आत आला. रागावलेला होता, पण आवाज चढवला नाही. "आता काय आलं तर?"

"आलं तर बघू. पण पाईप आजच्या आज गाडायचा."

आजच्या आज झालं नाही. सरपंचांना विचारावं लागलं, रस्ता खणायचा होता. बुधवारी परवानगी मिळाली. अमृतनं शेजारच्या भिकाला बरोबर घेतलं आणि दोघांनी आधी अर्धा रस्ता, मग उरलेला अर्धा, असा हातभर खोल चर काढला. पाईपवरून लोखंडी नळा चढवला, म्हणजे वरून ट्रॅक्टर गेला तरी दबणार नाही. रीटा झोळीतला हात सांभाळत रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि साळुबाईचं लाल लुगडं काठीला बांधून येणाऱ्या मोटारसायकली थांबवू लागली. माणसं थांबायची, आधी लुगड्याकडे आणि मग तिच्याकडे बघायची. एकानं विचारलं, "पावणं कुठलं?" रीटा ठसक्यात म्हणाली, "येडगाव!" तेवढं तिला साळुबाईनं शिकवलं होतं. भिका हसता हसता चरातच बसला.

शेवटी माती भरून, वर पाणी मारून त्यांनी चोपणीनं रस्ता चोपला. पलीकडच्या पाईपचा मालक कुशाबा बघायला आला होता. तो बराच वेळ उभा राहिला आणि नळा कुठं मिळाला ते विचारून गेला.

सुनीलचा फोन शनिवारी आला. साळुबाई कांद्यात खुरपत होती. हर्षालीनं बांधावर येऊन फोन तिच्या कानाला लावला.

"मावशी, मंजूर झालं. दवाखाना, औषधं, परतीचं विमान, सगळं. तुमच्याकडून कुणी काही मागितलेलं नाही. फाईल बंद."

"आन् माझा जबाब?"

"तो फाईलमध्ये आहे. तिकडच्या कचेरीतल्या बाईंनी मला मुद्दाम विचारलं, या साळुबाई कोण."

"मंग तुमी काय सांगितलं?"

"म्हणालो, जिच्या घरी पेशंट राहतीय ती."

साळुबाईनं खुरपं मातीत रोवलं. मग हर्षालीला म्हणाली, "अमृतला सांग. उगाच डोक्याला घोर लावून घेतलाय त्यानं."

अमृतला सांगितलं तेव्हा तो नुसता 'बरं' म्हणाला. संध्याकाळी मात्र ओतूरच्या बाजारातून जिलबी घेऊन आला आणि पुडा आधी आईपुढे धरला.

तिसरा आठवडा संपल्यावर डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढून विमानाला हरकत नाही असं लिहून दिलं. हनीफभाईंनी सायकल सुटी करून खोक्यात बांधली आणि स्वतः टेम्पोत घालून येडगावला आणून दिली. कुठला नट कुठं लावायचा त्याचं चित्र काढून खोक्याला चिकटवलं होतं. गोव्याला पोचता आलं नाही याचं वाईट वाटतंय का, असं हर्षालीनं रीटाला विचारलं. ती म्हणाली, आधी वाटलं होतं, दवाखान्यात. नंतर विसरले.

निघायच्या दिवशी विमानतळावर नेणारी गाडी सकाळी आठला आली. साळुबाईनं ड्रायव्हरला पट्टा खांद्याच्या कोणत्या बाजूनं घ्यायचा ते दोनदा सांगितलं आणि खेड घाटात हळू जायला लावलं. रीटानं तिला एका हातानं मिठी मारली. साळुबाईला मिठी मारायची सवय नव्हती. तिनं रीटाच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि "पोचलीस की कळव" एवढंच म्हणाली. ते कुणी इंग्रजीत सांगितलं नाही, पण रीटानं मान डोलावली.

हर्षाली कॉलेजला गेली, अमृत मार्केटला. साळुबाईनं पुढच्या खोलीतलं अंथरूण आवरायला घेतलं, उशी उन्हात टाकली आणि मग तिथंच खाटेवर जरा टेकली. ती दुपारी कधी झोपत नाही. त्या दिवशी मात्र तिला जाग आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि अंगणात कोंबड्या उशीवर चढून बसल्या होत्या.