भागुजीचं मत

घोडेगावच्या पंचायत समितीत भागुजी शिपाई होता, पण गावात त्याला मान होता तो पिक्चरमुळे. मंचरच्या थेटरात नवा पिक्चर लागला की पहिल्याच रविवारी हा हजर, आणि सोमवारी ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्याचा निकाल. "इंटरवलपर्यंत बघा आन् घरी जाऊन जेवा," असं तो म्हणाला की निम्मी टपरी मंचरला जायचा बेत रद्द करायची. दिग्दर्शकांची नावं त्याला पाठ होती, पण ती तो घ्यायचा नाही, स्वतः ठेवलेली घ्यायचा. नायिकेला बर्फात पातळ साडीवर नाचवतो तो बर्फवाला. जीपा उडवतो आणि माणसं काचेतून बाहेर फेकतो तो काचवाला. मोठ्या बंगल्याच्या जिन्यावरून पन्नास नातेवाईक रडत उतरवतो तो जिनेवाला. काचवाल्यावर भागुजीचा जीव होता, तर जिनेवाल्याचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. "सगळे सुखात हायेत, दारात चार गाड्या हायेत, मग रडत्यात कशाला राव?" असं तो विचारायचा, आणि उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती.

त्याची आणखी एक ख्याती होती. पहिल्या दहा मिनिटांत तो शेवट सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर यायचा, त्यामुळे स्वारीला वाटायला लागलं होतं की माणसाचंही आपल्याला तसंच कळतं.

भागुजीच्या पोरीला, प्रज्ञाला बघायला निमगाव साव्याहून राजरत्न आला तो दोन हजार एक सालचा उन्हाळा. पोरगा नीटनेटका, गावात केबलचा धंदा, घरची थोडी शेती. मध्यस्थ होता गेणू, भागुजीच्या टपरीवरचाच. पोहे झाले, चहा झाला आणि पोरगा हळूच म्हणाला, "मामा, त्या जिन्यावरच्या रडारडीत काय दम न्हाई बघा. पिक्चर बनवावा तर त्या काचा फोडणाऱ्यानं." भागुजी खुर्चीत पुढे सरकला. मग दोघांचं असं जमलं की आत प्रज्ञा पदर सावरून बसली आहे याचाही विसर पडला. पोरगा बोलेल ते भागुजीच्या मनातलंच निघत होतं.

पाहुणे गेल्यावर भागुजीची बायको जानकाबाई म्हणाली, "आवं, निमगावात जाऊन चार घरी इचारून तर येऊ."

"काय इचारायचं? मला दहा मिंटात माणूस कळतो," भागुजी म्हणाला. पुढच्या महिन्यात विहारात लग्न लागलं.

दोन वर्षांनी एका सोमवारी ऑफिसच्या फोनवर प्रज्ञाचा आवाज आला. "आबा, मला न्यायला या." एवढंच बोलली आणि तिने फोन ठेवला. तिच्या अंगावर वळ असतात, हे जानकाबाईच्या कानावर आधीच आलं होतं. निमगावाहून आलेल्या एका बाईने ते, आणि जावयाचं पिणंही, आडून आडून सांगितलं होतं आणि भागुजीने ते आडूनच ऐकलं होतं. आता आडोसा उरला नव्हता. पोरीने एकटीने निघून यावं तर ती पळून आली म्हणून गाव तोंड सोडणार. बापाने जाऊन आणली तर ती माहेरपणाला आली, आणि माहेरी आलेलीला ठेवून घेता येतं. म्हणून जायला बापच हवा होता.

दुसऱ्या दिवशी निघताना जानकाबाईने बजावलं, "बसू नका, च्या पिऊ नका. पोरीला घ्या आन् निगा." संध्याकाळच्या एसटीला ती स्टँडवर उभी राहणार होती.

भागुजी निमगावात पोचला तेव्हा जावई घरीच होता. प्यालेला नव्हता, उलट हसतमुख. "या मामा," म्हणून त्याने स्वतः पाणी आणलं. प्रज्ञा दाराशी आली. तिच्या मनगटावर काळंनिळं होतं आणि ते तिने झाकलं नव्हतं. तिच्या मागे भिंतीला टेकून पिशवी भरून ठेवलेली. पोरीला नेतो असं आता म्हणावं, हे भागुजीने ठरवलं आणि घसा खाकरला.

"जिनेवाल्याचा नवा बघितला का मामा?" राजरत्न म्हणाला. "काय पिक्चर हाय! आपण तर तीनदा बघितला."

"तुमाला तर तो आवडत न्हाई," भागुजी म्हणाला.

राजरत्न मोकळेपणाने हसला. "तवा बोलावं लागलं मामा. गेणूनं आधीच सांगून ठेवलं व्हतं, म्हातारा कशानं खूश व्हतो ते."

हे ऐकून भागुजीला राग आला. खरा राग आला. आणि त्या रागाने उठून पोरीचा हात धरायचा, तर तो राग गेला भलतीकडेच. "त्यात आवडण्यासारखं हाय काय?" त्याने आवाज चढवला. "एक तरी माणूस खरं बोलतो का त्यात?" राजरत्नने गाण्यांचा मुद्दा काढला, भागुजीने तो खोडला. त्याने कमाईचे आकडे सांगितले, भागुजीने जिनेवाल्याचे सगळे पडलेले पिक्चर मोजून दाखवले. प्रज्ञाने चहा आणून ठेवला आणि बोलता बोलता तो पिऊनही झाला. ती पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली. भागुजी असा बोलला की टपरीवरही कधी बोलला नसेल, आणि शेवटी राजरत्नने हात जोडले. "हरलो मामा. तुमच्यापुढं कोण बोलणार?"

भागुजीला बरं वाटलं. ते बरं वाटणं मावळेपर्यंत जावयाने घड्याळ बघून मोटरसायकल बाहेर काढलीसुद्धा होती. "चला, स्टँडवर सोडतो. एसटी चुकंल."

भागुजी चपला घालायला वाकला. पाच पावलांवर पोरगी उभी होती. तिला ने, असं सगळं अंग ओरडत होतं, पण जिंकून उठलेल्या त्या बैठकीत, जावयाचा हात आपल्या खांद्यावर असताना, ते तोंड कुठून उघडायचं हे त्याला कळेना. त्याला जावयाची भीतीही वाटली, आणि त्या भीतीची लाज वाटली. "येतो गं," तो म्हणाला.

प्रज्ञाने पिशवी उचलली, आत नेली आणि एकेक साडी काढून दोरीवर टाकायला लागली.

घोडेगावच्या स्टँडवर जानकाबाई उभी होती. भागुजी उतरला. ती त्याच्या मागे एसटीच्या दाराकडे बघत राहिली. दोन म्हाताऱ्या उतरल्या, एक पोतं उतरलं, कंडक्टरने दार ओढलं. तरी ती बघतच होती.

"न्हाई आली," भागुजी म्हणाला.

"का?"

"मी लई म्हणलं तिला," तो म्हणाला. "तीच न्हाई म्हणाली."