निळसर फोटोंचा आळ

मी एक जुना प्रिंटर आहे. कचेरीत बसून काळी अक्षरं छापणारा नव्हे, फोटो छापणारा. माझ्या पोटात शेजारी शेजारी सहा शाया असत: काळी, पिवळी, निळी, गुलाबी आणि निळ्या-गुलाबीच्या दोन फिक्या बहिणी. या सहाजणींच्या जोरावर मी हजारो चेहरे कागदावर उतरवले. मित्रांनो, त्यांतल्या शेवटच्या दोन वर्षांच्या चेहऱ्यांपायी माझ्यावर एक आळ आला. तो कसा आला आणि कसा उतरला, ते तुम्हाला सांगायचं आहे.

मी एका मोठ्या कारखान्यात जन्मलो. तिथे माझ्यासारखे शेकडो जण एकामागून एक पट्ट्यावरून सरकत होते, त्यामुळे लहानपणीच्या आठवणी फारशा नाहीत. खरं आयुष्य सुरू झालं ते फोटो स्टुडिओत. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत राखाडी पडदा, गोल स्टूल आणि दोन दिवे. मागच्या खोलीत कॉम्प्युटर, कागद कापायची पात आणि मी. स्टुडिओचे मालक एक फोटोग्राफर होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांची मुलगी कॉम्प्युटरचं काम बघायची. आई लवकर गेल्यामुळे घरात दोघंच, आणि दुकानातही दोघंच.

पहिल्या दिवशी काकांनी माझ्यावर मुलीचाच फोटो छापला. कागद बाहेर आला तसा तो खिडकीशी नेला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "दात बघ. दात पांढरे आले की समजायचं, बाकीचं बरोबर आहे. मशीन गुणी आहे."

गुणी. हा शब्द मी पुढे कित्येक वर्षं जपला.

काकांची नजर गावात नावाजलेली होती. सावळ्या माणसाला उगीच गोरं करायचं नाही आणि उन्हात राबलेल्या चेहऱ्यावरचा तांबूसपणा पुसायचा नाही, हा त्यांचा नियम. मुलगी फोटो तयार करायची, पण छापण्याआधी शेवटचा हात काकांचा. एखादा रंग केसभर इकडे, केसभर तिकडे. "आता सोड," असं म्हटलं की मी कामाला लागायचो. ओळखपत्रांचे फोटो, शाळेतले गट, निवृत्त होणाऱ्या शिक्षिका, नुकती जन्मलेली बाळं. लोक फोटो हातात घेत आणि हसत. त्यातलं थोडं कौतुक माझंही आहे, असं मी धरून चालायचो.

मग एक दिवस काका म्हणाले, "आज पिवळट येतंय."

मुलीने कागद पाहिला. "मला तर ठीक वाटतंय, बाबा."

"अगं, कावीळ झाल्यासारखा दिसतोय माणूस. पिवळा जरा कमी कर, निळा वाढव."

तिने तसं केलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी निळा आणखी वाढवायला सांगितला. हे इतकं हळूहळू होत गेलं, की त्यात काही वावगं आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मला जे सांगितलं जाई ते मी छापत होतो. निळी शाई लवकर संपू लागली, पिवळी तशीच राहू लागली. मला तेव्हाच शंका आली होती, पण प्रिंटरला तोंड नसतं.

गिऱ्हाइकं आधी काही बोलली नाहीत. फोटो उलटसुलट करत, "जरा वेगळा आलाय का?" इतकंच विचारत. एका कारखान्यातल्या कामगारांचा गटफोटो नेताना त्यांचा मुकादम मात्र म्हणाला, "काका, आम्ही सगळे थंडीने काकडल्यासारखे दिसतोय." सगळे हसले. काका हसले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर चापट मारली. मारामारीची नव्हे, पण प्रेमाचीही नव्हे.

"मशीन थकलं आता," ते म्हणाले.

त्यानंतर ती बाई आली.

तिच्या कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ होतं. या बाळाच्या हृदयात जन्मापासून दोष होता. रडलं की ओठ आणि नखं निळी पडायची. तीन महिन्यांपूर्वी त्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आता ते ठणठणीत होतं. हे सगळं तिने आपणहून सांगितलं, सांगताना बाळाचे पाय एकसारखे चोळत होती. "आजवर याचा एकही फोटो काढला नाही मी," ती म्हणाली. "आता गुलाबी झालाय. आता काढायचा."

काकांनी जीव ओतून फोटो काढला. किल्ल्यांचा जुडगा वाजवून बाळाला हसवलं. मग मागच्या खोलीत येऊन त्यांनी नेहमीसारखा शेवटचा हात फिरवला. मुलगी नुसती पाहत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाबा, ओठ निळे दिसतायत. निदान या फोटोत तरी नको."

"तुला काय दिसतं ते मला सांगू नकोस. तीस वर्षं हेच करतोय मी."

मी तो फोटो छापला. मित्रांनो, आयुष्यात छापलेल्या सगळ्या फोटोंपैकी हाच एक परत पोटात ओढून घ्यावासा वाटला. पण कागद पुढे जातो, मागे येत नाही.

आईने फोटो हातात घेतला. बाळाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. बाळाचं बोट उचलून नख तपासलं. मग फोटो टेबलावर पालथा ठेवला. मुलीने पुढे होऊन विचारलं, "ताई, दुसरा छापून देऊ का?"

"नको," ती म्हणाली. "हाच द्या. निघते मी."

ती गेल्यावर काका मोठ्याने म्हणाले, "या डबड्याने माझी अब्रू घालवली."

डबडं. गुणीचं डबडं झालं ते त्या दिवशी.

दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा मोठा शांत माणूस. खिशात नेहमी चार-पाच स्क्रू ड्रायव्हर, म्हणून सगळे त्याला पेचभाऊ म्हणत. त्याने आधी चाचणीचा कागद काढला. त्यावर माझ्या सहाही रंगांच्या बारीक रेघा उमटतात. एखादं छिद्र बुजलं असलं तर तिथली रेघ तुटते. माझी एकही रेघ तुटली नाही. त्याने शायांच्या तारखा पाहिल्या. कागद कोणता घातलाय आणि कॉम्प्युटरला कोणता सांगितलाय, ते ताडून पाहिलं, कारण चकचकीत कागद घालून साधा सांगितला तरी रंग बिघडतात. स्क्रीनचा उजेड तपासला. शेवटी काकांनी केलेले सगळे बदल बाजूला ठेवून बाळाचा तोच फोटो लहान आकारात छापला.

"हा बघा," तो म्हणाला. "मशीन निरोगी आहे, काका."

काकांनी फोटो दिव्याखाली धरला. "पिवळा आहे."

पेचभाऊने मुलीकडे पाहिलं. मुलीने नजर खाली घातली.

"मला तर चांगला वाटतोय," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही स्क्रू बघा, पेचभाऊ. रंग मी बघतो."

यावर तो काय बोलणार? त्याने माझं झाकण लावलं आणि गेला. आणि मुलगी, जिला सगळं दिसत होतं, तीसुद्धा गप्प बसली. वडिलांना दुखवायचं नाही म्हणून माणसं कुठवर जातात, ते मी त्या खोलीत पाहिलं.

मग नवा प्रिंटर घ्यायचं ठरलं. आठवडाभर माझ्यासमोरच माझ्या जागी कोण यावं याची चर्चा चालली होती. मुलीला चारच रंगांचा, शाईच्या मोठ्या टाक्यांचा नको होता. "तो शाळेच्या प्रकल्पांना बरा, पण गालावरच्या फिक्या छटा त्याला जमत नाहीत," असं तिचं म्हणणं. आठ रंगांचा चांगला, पण त्यात शाईची एकेक डबी संपत राहते आणि आपलं काम तेवढं मोठं नाही. शेवटी माझ्यासारखाच, सहा रंगांचा पण टाक्यांचा घ्यायचं ठरलं. काका एवढंच म्हणाले, "पांढरा पांढरा दिसला पाहिजे. बाकी काही नको."

नवा आला. पेचभाऊनेच तो माझ्या शेजारी मांडला आणि शाई भरली. तुलना करता यावी म्हणून एकच फोटो आधी माझ्यावर आणि मग त्याच्यावर छापला. काकांनी दोन्ही टेबलावर ठेवले.

"हाही पिवळा," काका म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच राग नव्हता. "नवाकोरा आहे, तरी पिवळा. हे बघा ना, कडेचा सगळा पांढरा भाग पिवळा पडलाय." आणि दाखवण्यासाठी त्यांनी मुलीकडे बघतच टेबलावरचा हाताला लागला तो कागद उचलून तिच्यासमोर धरला.

मुलीचा चेहरा उतरला.

"बाबा," ती म्हणाली, "तो छापलेला नाहीये. कोरा आहे. आत्ताच पाकिटातून काढलाय."

काकांनी कागद उलटून पाहिला. दुसरी बाजूही कोरीच होती. त्यांनी तो दिव्याखाली नेला, मग खिडकीशी नेला. परत आले आणि स्टूल ओढून बसले.

"याच्यावर शाईच नाही?"

"नाही, बाबा."

पेचभाऊ हळूच म्हणाला, "काका, डोळे कधी तपासले होते?"

तो कोरा कागद मांडीवर घेऊन काका तसेच बसून राहिले, आणि त्यांच्या हातांची बोटं कागदाच्या कडेवरून फिरत राहिली. मित्रांनो, माझ्यावरचा आळ त्या क्षणी उतरला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. मुलीने पेचभाऊला समजावलं तेव्हा मीही ऐकलं: डोळ्यातली काच गढूळ आणि पिवळी होत जाते, इतकी हळू की ज्याची असते त्याला कळतच नाही; त्याला जगच पिवळं झाल्यासारखं वाटतं. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी काका स्टुडिओत आले आणि कपाटातून गेल्या दोन वर्षांच्या छापील प्रती काढून बसले. एक फोटो घ्यायचा, डाव्या डोळ्यावर हात ठेवायचा, मग उजव्यावर. डाव्या डोळ्याला माणूस ठीक दिसत होता. नव्या डोळ्याला गारठलेला दिसत होता.

"इतके जण घेऊन गेले," ते म्हणाले. "आणि कुणी काही बोललं नाही."

"बोलले, बाबा," मुलगी म्हणाली. "मीच बोलले. पण नंतर मीही बोलायचं सोडलं. ते माझं चुकलं."

काकांनी बाळाच्या आईला स्वतः फोन केला. ती आली. काकांनी उभं राहून सांगितलं, "फोटो निळा आला तो माझ्या डोळ्यांमुळे. बाळाला काही झालेलं नव्हतं. मशीनलाही काही झालेलं नव्हतं."

ती म्हणाली, "काका, त्या फोटोनंतर मी दिवसातून वीस वीस वेळा त्याचे ओठ बघायचे. दोनदा दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, तुम्हालाच भास होतोय. मला वाटलं, कॅमेऱ्याला जे दिसलं ते कुणालाच दिसत नाहीये."

काकांनी नव्या प्रिंटरवर फोटो छापला, कसलाही हात न फिरवता. तिने तो खूप वेळ पाहिला. "बरोबर आहे," एवढंच म्हणाली आणि पिशवीत ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. काकांनीही तसं विचारलं नाही.

आता माझं काय झालं, ते सांगतो. या सगळ्या गडबडीत मी पाच महिने कापडाखाली पडून होतो. आम्हा शाईच्या प्रिंटरांचं एक असतं: काम केलं तर आम्ही टिकतो, नुसते ठेवले तर सुकतो. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर काकांनी माझ्यावरचं कापड काढलं आणि मला चालू केलं. चाचणीचा कागद काढला. पाच रंगांच्या रेघा कशाबशा उमटल्या. गुलाबीच्या जागी काहीच नव्हतं.

त्यांनी सफाई करून पाहिली, पुन्हा केली. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस बारीक छिद्रांखाली रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी एक तुटकी रेघ आली आणि तीही गेली. गुलाबीशिवाय माणसाचा चेहरा छापता येत नाही. आता मी खरोखरच हिरवट, निळसर चेहरे छापत होतो. ज्या दोषाचा आळ माझ्यावर आला होता, तो आळ उतरल्यावर मला जडला.

पेचभाऊ मला न्यायला आला. निदान माझे रूळ आणि मोटर दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील, असं तो म्हणाला. त्याने चिठ्ठी काढली आणि सवयीने लिहायला घेतलं, "तक्रार: रंग चुकतात."

"असं नका लिहू," काका म्हणाले.

"मग काय लिहू?"

"लिहा, मशीन चांगलं होतं. वापरलं नाही म्हणून सुकलं."

पेचभाऊने तसंच लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या झाकणावर चिकटवली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल, तर आठवड्यातून एकदा त्याच्यावर एक तरी रंगीत पान छापा, म्हणजे त्याची शाई वाहती राहील. आणि त्याने छापलेलं तुम्हाला चुकीचं वाटलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी पाकिटातला एक कोरा कागद हातात घ्या, आणि शेजारच्या माणसाला विचारा, हा तुला कसा दिसतो. तो जे सांगेल ते ऐकून घ्या. आणि तो शेजारचा माणूस तुम्ही असाल, तर खरं सांगा. एकदा सांगून भागलं नाही तर पुन्हा सांगा.